लोहाराची भट्टी शाळेपासून दूर का?



नगर तालुक्यातील हिवरे बाजार गाव पाण्यासाठी प्रसिद्ध आहे. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर गावकऱ्यांनी डोंगरउतारावर चर खणून पाणी जिरविले. त्या चरांविषयी पुष्कळ लिहिले गेले. पण मुरमाड जमीन खणायची म्हणजे कुदळीचे टोक बोथट होणारच. ते पुन्हा काढून देणाऱ्या लोहाराविषयी कोण लिहितो?

लोहार कुदळ आधी भट्टीत लाल करतो, मग ऐरणीवर ठोकतो आणि शेवटी तिला 'पाणी देतो'. यात पदार्थविज्ञान आहे. धातूला आकार येतो तो अणूंचे थर एकमेकांवरून सरकल्यामुळे. उष्णतेने अणूंची कंपने वाढतात आणि हे सरकणे सोपे होते. तापलेले पोलाद एकाएकी थंड केले, की त्याची अंतर्रचना बदलून ते कठीण बनते.

आता मोटारीच्या कारखान्याकडे वळू. अपघातात प्रवाशांना वाचविणारे दारालगतचे खांब फार मजबूत पत्र्याचे हवेत. असा पत्रा थंडच दाबला तर तडकतो, किंवा दाब काढताच थोडा मागे फिरतो व मापे चुकतात. यावर स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात तोड निघाली. बोरॉनचा अल्प अंश असलेला पोलादी पत्रा ९०० ते ९५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा, मऊ असतानाच साच्यात दाबायचा आणि तेथेच झटकन थंड करायचा. त्यासाठी साच्याच्या आतून पाणी खेळविलेले असते. १९८४ मध्ये साब कंपनीने असे भाग मोटारीत बसविले. या पत्र्याची एक चौरस मिलिमीटर छेदाची पट्टी सुमारे १५० किलोग्रॅम भार पेलू शकते!

तापविणे, आकार देणे, झटकन थंड करणे! क्रम लोहाराचाच नव्हे काय?

कोणी म्हणेल, कारखान्यात तापमान मोजतात, लोहार केवळ रंग पाहतो. खरे आहे, रंगावरून अचूक आकडा कळत नाही. पण मंद लाल आणि नारिंगी यांतील फरक ओळखणे हेही निरीक्षणच. आपण मात्र 'उष्णतेचे परिणाम' हा धडा पाठ करतो आणि तो रोज करून दाखविणाऱ्याला अडाणी समजतो. हे मला मुळीच पटत नाही. प्रयोगवहीतील एक प्रयोग भट्टीपाशी व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

गावोगावच्या भट्ट्या विझत आहेत. तुमच्या जवळपास एखादी पेटती असेल तर या सुट्टीत वही घेऊन जा. ठिणग्यांपासून दूर उभे राहा. एका तापात किती घाव बसतात, रंग कसा उतरतो, ते लिहा. आणि वहीत 'मार्गदर्शक' म्हणून त्या लोहारकाकांचे नाव लिहायला विसरू नका.