मजला चढवण्याआधी खाली बघा

मुलाचं लग्न ठरलं की घरात वरच्या मजल्याचा विषय निघतो. फ्लॅट घ्यायचा तर परवडत नाही, आणि डोक्यावर आपलीच गच्ची रिकामी पडलेली असते. ओळखीचा गवंडी येतो, गच्चीवर एक फेरी मारतो, कोपऱ्यात वाकवून ठेवलेल्या गंजक्या सळयांकडे बोट दाखवतो. "काका, सळया सोडल्यात की! चढवा बिनधास्त." मग कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर हिशेब होतो. इतके चौरस फूट गुणिले इतका रेट, की झालं अंदाजपत्रक.

माझं मागणं एवढंच की या गुणाकाराच्या आधी पहिला खर्च स्ट्रक्चरल इंजिनिअरवर करा. नकाशा काढून देणारा वेगळा आणि घराच्या ताकदीचा हिशेब करणारा वेगळा, हे लक्षात ठेवा. त्याची फी एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असते, तरी लोकांना तीच जड जाते. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी ग्रॅनाइट निवडायला घरातले सगळे चार दुकानं फिरतात आणि पायाबद्दल मात्र गवंड्याच्या शब्दावर विसंबतात.

गच्चीवरच्या सळयांवरून एकच गोष्ट कळते: घर बांधताना कुणाच्या तरी मनात वरचा मजला होता. त्या हिशेबाने खाली फुटिंग घातलं होतं की नाही, हे सळया सांगत नाहीत. शिवाय पंधरा-वीस पावसाळे उघड्यावर काढलेल्या सळईला पापुद्रे सुटलेले असतात, ती बारीक झालेली असते, आणि तिच्या बुडाशी काँक्रीटला चीर गेलेली असते. नवी सळई जुनीला जोडायची तर सळईच्या जाडीच्या साधारण पन्नासपट लांबी एकमेकींवर यावी लागते. म्हणजे बारा मिलिमीटरच्या सळईला जवळपास दोन फूट. गच्चीवर बहुतेक ठिकाणी वीतभर शेंडे असतात. खाली काँक्रीट चांगलं असेल तर भोक पाडून रसायनाने नवी सळई बसवता येते, पण ते काम आणि त्याचा खर्च लग्नपत्रिकेमागच्या हिशेबात नसतो.

वजनाचा अंदाज घेऊ. तीस बाय वीस, म्हणजे सहाशे चौरस फुटांचं घर धरा. पाच इंची स्लॅबच सतरा-अठरा टन भरतो. बाहेरच्या नऊ इंची विटांच्या दहा फूट उंच भिंती, दारं-खिडक्या वजा केल्या तरी तीस-पस्तीस टन. त्यात कॉलम, बीम, आतल्या भिंती, फरशी आणि तिच्याखालचा माल. सगळं मिळून साठ-सत्तर टनांचा बोजा तुम्ही जुन्या घराच्या डोक्यावर ठेवताय. माणसं, कपाटं आणि पाण्याची टाकी अजून यायचीच आहेत, आणि हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन.

हा बोजा कोण पेलणार, ते घर कसलं आहे यावर. कॉलम-बीमचं असेल तर निदान बोलता येतं. भिंतींवर उभं असेल, त्यातही मातीत रचलेल्या दगडांचं किंवा कोकणातल्या जुन्या जांभ्याचं, तर वर आरसीसीचा मजला चढवण्याचा विचार सोडलेलाच बरा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात माणसं गेली ती मुख्यतः दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवरची जड धाबी कोसळून. लेच्यापेच्या भिंतीवर जड छप्पर काय करतं, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. जमिनीचंही तसंच. मुरूम लागला असेल तर नशीब. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यात उथळ पाया असलेलं घर तिच्याबरोबर वरखाली होतं. तुमच्या घराला आत्ताच खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरक्या चिरा गेल्या असतील तर रंगारी बोलावू नका, इंजिनिअर बोलावा.

चांगला इंजिनिअर आला की आधी एका कॉलमशेजारी खड्डा घ्यायला लावतो. फुटिंग किती खोल, किती रुंद, खाली काय लागलंय, हे डोळ्यांनी बघतो. मग काँक्रीटची ताकद तपासतो. रिबाउंड हॅमर नावाचं छोटं यंत्र ठिकठिकाणी दाबून अंदाज येतो, आणि शंका असेल तर काँक्रीटचा नमुना कापून प्रयोगशाळेत दाबून बघतात. यातून कधी सरळ "चालेल" निघतं, कधी "कॉलमला जॅकेटिंग, म्हणजे बाहेरून सळई-काँक्रीटचं आवरण, करून चालेल", कधी "नाही". "नाही" आलं तरी पैसे वाया गेले असं समजू नका. घराबाहेरून नवे कॉलम उभे करून वरचा मजला त्यांवर तोलता येतो का, हे विचारा. खर्च वाढतो, पण खालच्या घराला धक्का लागत नाही. किंवा हलकं बांधा: विटांऐवजी एएसी ब्लॉक, जे वजनाला विटेच्या सुमारे एक तृतीयांश असतात, आणि वर स्लॅबऐवजी लोखंडी सांगाड्यावर पत्रा. तोही इंजिनिअरच्या हिशेबानेच, कारण वळवाच्या वाऱ्यात नीट न जखडलेला पत्रा कुणाच्या शेतात जाऊन पडेल सांगता येत नाही. पत्र्याला लोक नाक मुरडतात, पण चांगलं फॉल्स सीलिंग केलं तर दोन माणसांच्या संसाराला ती खोली उत्तम होते.

अनेकांच्या ध्यानातून सुटणारी गोष्ट म्हणजे गच्चीवरचा कोबा. गळती थांबवायला घातलेला तो विटांच्या तुकड्यांचा चार इंची थर सहाशे फुटांवर आठ-दहा टन भरतो. वर खोल्या होणार म्हटल्यावर त्याचं काम संपलं. तो फोडून काढला की तेवढा भार कमी होतो. तो तसाच ठेवून त्यावर फरशी टाकणं म्हणजे निष्कारण ओझं. पण कोबा फुटला की खालचं घर गळायला मोकळं. म्हणून फोडायचा तो दिवाळीनंतर, पाऊस नक्की गेल्यावर, आणि वरचा स्लॅब मे महिन्याच्या आत पडला पाहिजे. सिमेंटला पाणी मारायला उन्हाळ्यात टँकर लागेल, त्याचे पैसे धरा. फोडलेला राडारोडा खाली उतरवून वाहून नेण्याचेही धरा.

जिना आधी ठरवा. आतून घेतलात तर खाली एक बऱ्यापैकी खोली जाते आणि स्लॅब कापावा लागतो. कुठे कापायचा ते इंजिनिअरनेच सांगावं. मिस्त्रीने "इथून सोपं पडेल" म्हणून मुख्य सळया तोडल्या तर पुढे तो भाग वाकतो. बाहेरून घेतलात तर वरचा मजला उद्या भाड्याने देता येतो, मात्र बाजूला सोडायच्या जागेचा नियम आडवा येऊ शकतो. संडास-बाथरूम खालच्या संडास-बाथरूमच्याच वर घ्या. जुना स्लॅब तिथे खोल सोडलेला नसतो, त्यामुळे वरची फरशी फूटभर उचलावी लागते आणि मिस्त्री ती पोकळी सरळ राडारोड्याने भरतो. तिथे एएसीचे तुकडे भरायला सांगा.

आता रेट. नुसती मजुरी की मालासकट, हे सगळेच विचारतात. खरं विचारायचं ते माप कशाचं धरणार. गॅलरी पूर्ण मोजणार की अर्धी? जिना दोन्ही मजल्यांत मोजणार का? पॅरापेट, टाकीचा ओटा, खिडक्यांच्या ग्रिल, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, जुन्या कॉलमचं जॅकेटिंग, हे रेटमध्ये आहे की "एक्स्ट्रा"? भांडणं बहुतेक या एक्स्ट्रावरून होतात, म्हणून ते कागदावर असू द्या, लग्नपत्रिकेच्या मागे नव्हे. पैसे कामाच्या टप्प्याने द्या आणि पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. शेवटच्या बेरजेवर आणखी पंधरा टक्के बाजूला ठेवा. जुन्या घरावर काम करताना काही ना काही निघतंच.

आणि पैसे संपलेच तर कुठे थांबायचं, हेही आधीच ठरवा. स्लॅब, बाहेरच्या भिंती, बाहेरचा गिलावा, पॅरापेट आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग एवढं झालं की घर दोन वर्षं निवांत थांबू शकतं. आतला गिलावा, फरशी, दारं मागाहून होतात. नुसते कॉलम उभे करून थांबलात तर सळया गंजण्याचा तोच जुना खेळ पुन्हा सुरू.

परवानगीला फाटा देऊ नका. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर राज्यभरासाठी 2020 च्या डिसेंबरपासून एकच विकास नियंत्रण नियमावली आहे, आणि छोट्या प्लॉटसाठी तिच्यात प्रक्रिया सोपी केलेली आहे. मंजूर नकाशाशिवाय बँक कर्ज देत नाही, आणि कर्ज टप्प्याटप्प्याने मिळतं, म्हणजे पहिल्या टप्प्याची रोकड तुमच्याकडे हवी. महापालिका हद्दीत बेकायदा मजल्यावर मालमत्ता कराच्या दुपटीइतकी शास्ती लागू शकते.

शेवटचा मुद्दा बोलायला अवघड आहे. जागा वडिलांच्या नावावर, खाली थोरला राहतो, वर धाकटा स्वतःच्या पैशाने बांधतो, आणि "आपल्यात कशाला कागद" म्हणून कुणी काही लिहीत नाही. वडील गेले की सगळी मिळकत वारसांची होते. बहिणींचाही त्यात हक्क असतो आणि धाकट्याने घातलेल्या पैशाचा पुरावा कुठेच नसतो. तेव्हा वडील हयात असताना सगळ्यांना एकत्र बसवा, मजला कुणाचा, गच्ची कुणाची, पुढे कुणाला विकायचं झालं तर काय, हे वकिलाकडून लिहून घ्या आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. मुद्रांक शुल्क लागेल. ते अंदाजपत्रकातच धरा, इंजिनिअरच्या फीच्या खालच्या ओळीत.