फिरत्या शाळेची बाई कोण?



मुलांना वर्षभर शाळेतून काढायचं आणि गाडीला घर जोडून फिरायला निघायचं, हे ऐकलं की आपल्यातल्या दहापैकी नऊ जणी म्हणतात, "पैसा जास्त झाला." आमच्या पातूरला तर मंदिराच्या पायऱ्या उतरता उतरताच निकाल लागला. निमित्त माझ्या भाच्याचं. तो पर्थला असतो. तो, भाचेसून आणि आठ व अकरा वर्षांची दोन मुलं, असे चौघं कॅरव्हॅन घेऊन ऑस्ट्रेलियाच्या आतल्या निर्मनुष्य भागात निघणार आहेत. मुलांचा अभ्यास गाडीतच. मला विचाराल तर मी जाण्याच्या बाजूची आहे. माझी एक अट मात्र आहे, आणि ती शाळेबद्दलची नाही.

शाळेची काळजी आधी मिटवू. तिकडे घरी शिकवणं म्हणजे पळवाट नव्हे. पर्थ ज्या राज्यात आहे तिथे शिक्षण खात्याकडे नोंद करावी लागते आणि खात्याचा माणूस मुलांची प्रगती तपासतो. त्या देशाला ही सवय जुनीच आहे. 1951 साली अ‍ॅलिस स्प्रिंग्ज या गावी रेडिओवरची शाळा सुरू झाली, 'स्कूल ऑफ द एअर'. शेजारचं घर शंभर किलोमीटरवर असेल तर मूल शाळेत जाणार कसं? म्हणून विमानातून येणाऱ्या डॉक्टरांच्या सेवेचे जे रेडिओ संच होते, त्यांच्यावरूनच तास घेऊ लागले. आज तीच शाळा उपग्रहाच्या इंटरनेटवर चालते. तिचा परिसर सुमारे 13 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या महाराष्ट्राच्या चौपट. आपल्याकडचा 2009 चा शिक्षण हक्क कायदा घरच्या शिक्षणाबद्दल स्पष्ट असं काही सांगत नाही, पण राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा देऊन घरी शिकलेली मुलं दहावी-बारावी होतातच.

आणि फिरत फिरत शिकणं आपल्याला नवं वाटावं, याचंच मला नवल वाटतं. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांकडे जाणारे संघ आपल्याच रस्त्यानं, पातूरचा घाट चढून जातात. आर्यिका माताजींच्या संघात एखादी विशीतली नवदीक्षित असते. सकाळी विहार, मग आहार, सामायिक, आणि दुपारी एखाद्या झेडपी शाळेच्या व्हरांड्यात बसून कातंत्र व्याकरण नाहीतर द्रव्यसंग्रह. आठ महिने वर्ग रोज नव्या गावात भरतो, चातुर्मासात एका जागी. त्यांचा अभ्यास कच्चा राहिला असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्यांच्या मागून चौक्याची गाडी असते ना, गॅस, गाळणं, सोवळ्याचे कपडे, पिंपं, पिठाचे डबे सगळं त्यात, तीच आपली कॅरव्हॅन. त्या गाडीत ज्या बायका राहिल्या आहेत त्यांना भाचेसुनेची तयारी मी समजावून सांगायची गरज नाही.

हां, फिरण्या-फिरण्यात फरक आहे, हे मान्य. बीडकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्यात परततात, मुलंही बरोबर. त्यांना कोणी 'जग बघायला निघाले' म्हणत नाही. सरकारनं स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड काढलं, म्हणजे मूल कुठवर शिकलं ते कार्डावर घेऊन पुढच्या गावच्या शाळेत बसता यावं. कल्पना चांगली आहे. तुमच्या गावाजवळ वीटभट्टी असेल तर तिथल्या मुलांकडे ते कार्ड आहे का, एवढं शाळेत जाऊन विचारा. आपण भाच्यांच्या कॅरव्हॅनवर जितकं बोलतो, त्याच्या पावपट तरी या मुलांवर बोलावं.

आता स्वयंपाक, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले. तिकडे नलारबॉर नावाचं झाड नसलेलं माळरान आहे. त्या वाटेवर 146.6 किलोमीटरचा एक रस्ता अगदी सरळ, एक वळण नाही. पातूर ते अकोला जवळजवळ पाच वेळा, तेही घाटाशिवाय. त्याच रस्त्यानं परत पर्थकडे येताना राज्याच्या सीमेवर गाडी तपासतात आणि फळं, भाज्या, मध काढून घेतात, पिकांना कीड लागू नये म्हणून. मध आपण खातच नाही, आणि अष्टमी-चतुर्दशीला हिरवं वर्ज्य करणाऱ्या घरात वाळवण असतंच. पापड, कुरडया, मुगवड्या मी पाठवणार होते, पण भाचेसून म्हणाली, "मावशी, इकडे विमानतळावरच पकडतील," म्हणून तीच तिथे घालते आहे. संध्याकाळपासून कांगारू रस्त्यावर येतात, त्यामुळे शहाणी माणसं सूर्यास्ताला गाडी थांबवतात. सूर्यास्तापूर्वीचं जेवण शहरात नोकरी करताना जेवढं जमत नाही, तेवढं तिथे जमेल.

मी बी.कॉम. झाले तेव्हापासून मला एक खोड आहे, कोणत्याही गोष्टीचा जमाखर्च मांडायचा. टाकीत पाणी किती, चौघांना रोज किती, पुढचा नळ किती दिवसांनी, हे अकरा वर्षांच्या पोरानं रोज वहीत लिहिलं तर त्रैराशिक वेगळं शिकवायला नको. मागे कॅरव्हॅन ओढली की डिझेल जास्त लागतं. किती टक्के जास्त, ते त्यालाच काढू दे.

पण याच वहीत नावे बाजूला एक रक्कम कोणीच लिहीत नाही, आईचे तास. घरी शिकवायचं म्हटलं की शिकवणारी बाई कोण, हे विचारावंही लागत नाही. जिनं रांधलं, भांडी घासली, पाणी गाळलं, कपडे वाळत घातले, तीच साडेदहाला फळा घेऊन बसणार. 'गाडी मी चालवतो ना' हे उत्तर पुरुषांकडे तयारच असतं. चौक्याच्या गाडीत आपण पुण्य म्हणून करतो, आणि ते आपण स्वतः ठरवलेलं असतं. पण वर्षभराची मास्तरकी कोणी आपल्या पदरात अशीच टाकली, तर तिला पुण्य म्हणायला मी तयार नाही.

म्हणून माझी अट अशी, की निघण्याआधी वेळापत्रक करा आणि त्यात बापाचं नाव घाला. मी भाच्याला तसं फोनवर स्पष्ट सांगितलं. मागच्या आठवड्यात त्यानं वेळापत्रक पाठवलं. गणित आणि विज्ञान त्याच्याकडे, मराठी आणि पाठशाळा तिच्याकडे, इंग्रजी वाटून. चांगलं केलंय. मी उलट एवढंच विचारलं, की बाळा, भांड्यांचा तास कुठे आहे? दोन निळ्या खुणा दिसतात. उत्तर अजून आलेलं नाही.