उंबरठ्याबाहेरची किल्ली

भरल्या घरास कुलूप लावण्याचा प्रसंग आमच्या वडिलांच्या पिढीत क्वचितच येई. घरात आजी असे, माहेरी परतलेली आत्या असे, बाळंतपणास आलेली लेक असे. कोणी ना कोणी ओसरीवर बसलेले असावयाचेच. सारे कुटुंब लग्नकार्यास परगावी निघाले, म्हणजे तेवढ्यापुरते पेटीतले कुलूप बाहेर निघे. आज ती स्थिती राहिलेली नाही. नवराबायको दोघेही कामावर, मुले शाळेत व शिकवणीस, वडीलधारी मंडळी दुसऱ्या गावी. तेव्हा सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घराची राखण कुलपाकडेच येते. आणि कुलूप आले की किल्लीचा प्रश्न पाठोपाठ येतोच.

वाचकहो, आज ज्या विषयास आम्ही हात घालीत आहोत तो दिसावयास क्षुल्लक आहे. घरातील माणसांपाशी असतात त्यांखेरीज एक जादा किल्ली घराबाहेर असावी, हे सर्वांस पटते. शाळेतून लवकर सुटलेला मुलगा दारात ताटकळतो. बाजारात पाकीट हरवते, त्याबरोबर किल्लीही जाते. ओढताच आपोआप बसणारे लॅचचे दार वाऱ्याच्या एका झोताने बंद होते, आणि दूध घेण्यास बाहेर आलेली गृहिणी चुलीवर भात ठेवून अनवाणी जिन्यात अडकते. अशा वेळी जादा किल्लीसारखा सोबती नाही. प्रश्न आहे तो ती कोठे ठेवावी, एवढाच.

बहुतेक घरांनी या प्रश्नाचे उत्तर केव्हाच दिलेले आहे, आणि ते जवळजवळ सर्वत्र एकच आहे. पायपुसण्याखाली, तिसऱ्या कुंडीच्या बुडाशी, दाराच्या चौकटीवर, विजेच्या मीटरच्या पेटीत, चपलांच्या कपाटात जुन्या बुटाच्या आत, दुधाच्या पिशवीत, नाहीतर कौलारू घर असेल तर वळचणीच्या वाशावर! प्रत्येकास वाटते की ही जागा आपल्यालाच सुचली. परंतु ज्या जागा आम्हांस एका दमात सांगता आल्या, त्या चोरास ठाऊक नसतील काय? त्याचा तर तो धंदाच आहे. शिवाय त्यास शोधण्याचे श्रमही घ्यावे लागत नाहीत. दुपारी शाळेतून येणारे पोर रोज त्याच कुंडीपाशी वाकते, हे समोरच्या पानपट्टीवर उभ्या असलेल्या माणसास आठवड्याभरात कळते. आमच्या रविवारच्या मिस्साचीच गोष्ट घ्या ना. कोणत्या आळीतील कोणती घरे कोणत्या तासाला रिकामी असतात, हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही.

पण चोरी हा या कुंडीखालच्या किल्लीचा लहान दोष होय. मोठा दोष निराळाच आहे, व तो सांगण्यासाठीच आम्ही हे लिहीत आहो.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात घडलेली हकीकत आहे. त्यांची जादा किल्ली मीटरच्या पेटीत असे. एके दिवशी कपाटातील रक्कम नाहीशी झाली. दार मोडलेले नव्हते, कडी उचकटलेली नव्हती, खिडकीचा गज वाकलेला नव्हता. साहजिकच पहिला प्रश्न उभा राहिला: किल्लीची जागा कोणास माहीत होती? मोजू लागले तेव्हा माणसे निघाली अकरा! भांडी घासणारी बाई, तिची मुलगी, दूधवाला, भाचा, भाच्याचा मित्र, रंगकाम करून गेलेला कारागीर, वरच्या मजल्यावरील दोन बिऱ्हाडे. कोणी कोणास उघड काही म्हटले नाही; पण नजरा बदलल्या. बारा वर्षे त्या घरी राबलेली बाई पंधरा दिवसांत काम सोडून गेली. भाच्याचे येणे बंद झाले. पैसा कोणी नेला ते आजवर कळलेले नाही. तो दहा जणांपैकी कोणीही नेला नसेल, हे मात्र निश्चित. आणि त्या दहांनाही त्याची शिक्षा भोगावी लागली. अशा वेळी पहिला संशय नेहमी त्या माणसाकडे जातो ज्याच्या अंगावरचे कापड जुने असते, हे आपण सर्व जाणतोच.

कायद्याचे म्हणाल तर तो चोरास सूट देत नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ४४५ व्या कलमात घरफोडीची व्याख्या सांगताना एक उदाहरण दिलेले होते. एकाच्या घराची हरवलेली किल्ली दुसऱ्यास सापडते. तो तिने दार उघडून गुन्ह्याच्या हेतूने आत शिरतो. ही घरफोडीच होय. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असली, तरी कुलूप उघडून आत शिरणे ही आजही घरफोडीच आहे. तेव्हा किल्ली सापडली म्हणून गुन्हा सौम्य होत नाही. परंतु विम्याची गोष्ट वेगळी. घरफोडीच्या विमापत्रात बहुधा अशी अट घातलेली असते की, चोर बळजबरीने, मोडतोड करून आत शिरलेला असावा. आपल्याच किल्लीने दार उघडले गेले असेल, तर कंपनी भरपाई नाकारण्याचा संभव असतो. ज्यांनी घराचा विमा उतरविला आहे त्यांनी आपले विमापत्र काढून ही अट एकदा वाचून पाहावी.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे: किल्ली जागेवर ठेवू नये, माणसाच्या हाती द्यावी. जागेस तोंड नसते. कोण आले, कोणी किल्ली काढली, केव्हा परत ठेवली, यांतले ती काही सांगू शकत नाही. माणूस सांगतो. आणि ज्याच्या हाती किल्ली आहे हे निश्चित ठाऊक असते, त्याच्या खेरीज इतर सर्वजण आपोआप संशयातून मोकळे राहतात.

हा हात कोणाचा असावा? जो दिवसाकाठी बहुतेक वेळ घरी असतो, ज्याचे दार आपल्या दारापासून चालत जाण्याइतके जवळ आहे, आणि ज्यास आपल्या घरातील गोष्टी चार ठिकाणी सांगण्याची सवय नाही, अशा शेजाऱ्याचा. नाते जवळचे पण घर गावाच्या दुसऱ्या टोकास, असे असेल तर तेथे दुसरी किल्ली ठेवावी, पहिली नव्हे. शेजारीही कधी गावाला जातोच. म्हणून दोन ठिकाणे असणे बरे, मात्र त्याहून अधिक नको.

किल्ली देताना संकोच न करता चार गोष्टी स्पष्ट बोलाव्यात. ती दाराजवळच्या खिळ्यास टांगू नये, कपाटात ठेवावी. आमच्यापैकी अमुक इतक्याच जणांस द्यावी. दुसरा कोणी कितीही ओळख सांगू लागला, तरी आधी आम्हांस फोन करावा. आमच्या गैरहजेरीत दार उघडावे लागलेच, तर शक्यतो कोणास तरी सोबत घ्यावे व लगेच कळवावे. आणि कोणत्याही कारणाने ही जबाबदारी नकोशी झाली, तर किल्ली निःसंकोचपणे परत करावी. ज्या भगिनीने शेजारणीची किल्ली वर्षानुवर्षे सांभाळली आहे, तीस विचारा. कोणी असे स्पष्ट बोलून ठेवले असते तर किती बरे झाले असते, असेच ती म्हणेल.

आपल्याकडूनही एक कर्तव्य आहे. ज्याच्या हाती किल्ली दिली, त्याच्या अब्रूची काळजी आपण घेतली पाहिजे. दागिने व मोठी रक्कम बँकेच्या लॉकरमध्ये किंवा वेगळ्या कुलपाच्या कपाटात असावी, व त्या कपाटाची किल्ली या किल्लीच्या जुडग्यात कधीही नसावी. म्हणजे घरात काही इकडेतिकडे झाले तरी शेजाऱ्याकडे बोट जाणार नाही. आपलेच डबे व खण न धुंडाळता दुसऱ्याचे नाव घेणे, हे तर सुसंस्कृत घरास शोभणारे नव्हेच.

आता खुद्द किल्लीविषयी. जादा किल्ली मूळ किल्लीवरून कापून घ्यावी, नकलेवरून नक्कल घेऊ नये. दर नकलेस थोडा थोडा फरक वाढत जातो, व शेवटी ती कुलपात शिरते पण फिरत नाही. कापून आणलेली किल्ली दारात तीनचार वेळा फिरवून पाहिल्याशिवाय कोणाच्या हाती देऊ नये. तीस नावपत्ता लावू नये. रंगीत दोरा पुरे. पत्ता लिहिलेली किल्ली हरवणे म्हणजे चोरास आमंत्रण धाडणेच होय. बेळगाव किंवा गोव्यासारख्या भरपूर पावसाच्या मुलखात लोखंडी किल्ली एका पावसाळ्यात गंजते, म्हणून पितळेची घ्यावी. कुलूप जड चालू लागले तर खोबरेल घालू नये. तेलास धूळ चिकटते. शिसपेन्सिलीत असते त्या ग्रॅफाइटची बारीक पूड त्यापेक्षा चांगली. आणखी एक गोष्ट नव्या पिढीसाठी. नव्या घरात प्रवेश झाला की किल्ली हातात धरून काढलेले छायाचित्र व्हॉट्सॲपवर सर्वांस पाठविण्याची हल्ली रीत पडली आहे. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संगणकशास्त्रज्ञांनी, दुरून काढलेल्या छायाचित्रावरून किल्लीच्या खाचांची मापे काढता येतात हे दाखवून दिले आहे. आनंद अवश्य कळवावा. किल्ली मुठीत झाकावी.

हे झाले मालमत्तेचे. पण जादा किल्लीची खरी कसोटी लागते ती एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी. मुलगा पुण्यास, मुलगी आखातात, आणि सत्तरी उलटलेली आई बंद दारामागे एकटी! ती न्हाणीघरात पाय घसरून पडली, हाक ऐकून शेजारी धावले, किल्लीही त्यांच्यापाशी होती. परंतु आतून वरची कडी घातलेली. बाहेरच्या किल्लीचा आतल्या कडीपुढे काही उपाय चालत नाही. मग सुतार शोधा, अग्निशामक दलास बोलवा, दार फोडा. आणि त्या तासाभरात आत काय होत असेल त्याची कल्पनाच करावी. म्हणून ज्यांच्या घरी असे एकटे माणूस आहे त्यांनी दारास बाहेरून किल्लीने उघडणारे चांगले लॅच बसवून घ्यावे आणि कडी व अडसर लावण्याची सवय प्रेमाने सोडवावी. किल्ली आतल्या बाजूने कुलपातच लावून ठेवण्याची सवयही अशीच घातक. पुष्कळ कुलपांत आत किल्ली असता बाहेरची फिरत नाही. न्हाणीघराची कडीही न लावलेली बरी. शेजाऱ्याचा क्रमांक मुलांकडे, मुलांचा क्रमांक शेजाऱ्याकडे, आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा.

कोणी म्हणतील, आम्ही नव्या वसाहतीत आलो, शेजारी कोण ते ठाऊक नाही. आम्ही काय करावे? त्यांच्यासाठी आकड्यांच्या कुलपाची लहान पोलादी पेटी मिळते. तीत किल्ली ठेवून ती पेटी भिंतीत आतून पक्की बसवावी. नुसती गजास अडकवलेली पेटी उचलून नेता येते. तिची जागा रस्त्यावरून दिसणारी नसावी. चार फिरत्या चाकांच्या पेटीत १०,००० जुळण्या होतात. बटणे दाबावयाच्या काही पेट्यांत मात्र बटणांच्या क्रमास महत्त्व नसते. तेथे दहांपैकी चार बटणे निवडली तर जुळण्या होतात केवळ २१०. घेताना हा फरक विचारून घ्यावा. जन्मसाल किंवा घरक्रमांक हा आकडा ठेवू नये, कोणास सांगावा लागला तर काम होताच बदलावा, आणि चाके फिरवून सोडल्याशिवाय जाऊ नये. बोटाच्या ठशाने उघडणारी कुलपे आता आली आहेत, त्यांनी हा प्रश्न पुष्कळ हलका होतो. पण त्यांची बॅटरी संपते, आणि त्यांतील पुष्कळांस अडीअडचणीसाठी एक किल्ली असतेच. ती किल्ली घरातच ठेवून काय उपयोग? म्हणजे फिरून आपण शेजाऱ्याच्या दाराशी आलोच.

किल्ली हरवली, भाडेकरू सोडून गेला, किंवा पूर्वी कोणाकोणास दिली होती त्याचा हिशोब लागेनासा झाला, तर मन मारून बसू नये. बहुतेक नव्या कुलपांचा आतला सिलिंडर तेवढा बदलता येतो. सारे कुलूप काढावे लागत नाही. तो खर्च करावा आणि निश्चिंत व्हावे.

या आठवड्यात आमच्या वाचकांनी एवढेच करावे. आपल्या घराच्या किल्ल्या एकूण किती व कोणाकोणापाशी आहेत, ते कुटुंबाने एकत्र बसून मोजावे. कुंडीखालची किल्ली आजच काढून घ्यावी, व तिची जागा बदलली एवढे सर्वांस कळू द्यावे. कोठे गेली ते ज्यांस कळावयाचे त्यांसच कळेल. मग ती घेऊन शेजारी जावे, चार गोष्टी बोलाव्यात, आणि त्यांची किल्ली आपणाकडे ठेवण्याची त्यांची इच्छा असल्यास तीही आनंदाने स्वीकारावी.