टाकीतलं पाणी बदललं, पण नायट्रेट गेलं का?



नायट्रोजन चक्राची आकृती मुलं छान काढतात. बाण, नावं, सगळं बरोबर. पण "हे नायट्रेट आपल्या घरात कुठे असतं?" असं विचारलं की वर्ग गप्प होतो. म्हणून माझं मत असं, की हा पाठ खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयापासून सुरू करावा आणि गावच्या बोअरपाशी संपवावा. वडगाव रासाईसारख्या भीमाकाठच्या, उसाच्या गावात तर नक्कीच.

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. आपल्यापैकी अनेकांनी ते शाळेच्या सहलीत पाहिलंय. रंगीत मासे लक्षात राहिले, पण त्यांची घाण जाते कुठे हे आपण विचारलं नाही. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांपासून अमोनिया होतो. जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. पहिले दोन माशांना लवकर मारतात. नायट्रेट तेवढं जहाल नाही, पण ते साठत जातं. रंग नाही, वास नाही. पाणी नितळच दिसतं.

मग खारंच पाणी का? कारण त्यात एक गोष्ट मुलांना पटकन पटते. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. नायट्रेटचंही तसंच. वरून पाणी घालून टाकी भरली तरी नायट्रेट तेवढंच राहतं. यावरूनच मुलांना सांगा, की पाणी उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं.

टाकी विकत घ्यायची गरज नाही, फळ्यावर चौकोन काढा. १०० लिटर पाणी, लिटरमागे ६० मिलिग्रॅम नायट्रेट. २० लिटर काढून नायट्रेट नसलेलं खारं पाणी घातलं तर प्रमाण ४८ वर येतं. पण घातलेल्या पाण्यातच ४० असेल तर? उत्तर ५६. असं कितीही वेळा बदला, ४० च्या खाली कधीच जाणार नाही. म्हणून जाणकार आधी बाहेरून येणारं पाणी तपासतात, बहुतेक जण आरओच्या पाण्यात मीठ कालवतात. खाद्य बेताचं देतात, मासे कमी ठेवतात, शेवाळ वाढवतात. सच्छिद्र दगडांच्या आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडतात. पण पहिला उपाय एकच: आत कमी घाला.

आता गावाकडे वळू. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २०.७ किलो नायट्रोजन असतो. तो सगळा नायट्रेट होऊन पाण्यात उतरला तर सुमारे २० लाख लिटर पाणी पिण्याच्या मर्यादेपर्यंत पोचेल. ही मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. अर्थात सगळा उतरत नाही, बराचसा ऊस घेतो. पण एकदम टाकलेला युरिया आणि वर मोकाट पाणी, म्हणजे माशांना मूठ-मूठ खाद्य टाकण्यासारखंच. हप्त्याहप्त्याने खत द्या असं सांगतात ते उगाच नाही.

"म्हणजे शेतकऱ्यालाच दोष द्यायचा का?" असं कुणी म्हणेल. नाही. गोठ्याचं शेण, शोषखड्डे यांतूनही नायट्रेट झिरपतं. मुळा-मुठेतून पुण्याचं सांडपाणीही भीमेत येतंच. वर्गात दोषी शोधायचा नाही, हिशोब शिकवायचा.

कारण इथे प्रश्न माशांचा नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं, तर त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटू शकते, बाळ निळं पडू शकतं. घरातली मोठी माणसं तेच पाणी पिऊन ठणठणीत असतात, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

तेव्हा एवढं करा. जल जीवन मिशनखाली गावांना पाणी तपासणीचे संच दिले जातात, ग्रामपंचायतीत चौकशी करा. मुलांना दोन-चार बोअरचं पाणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासू द्या, आकडे तक्त्यावर लिहू द्या. आकडा ४५ च्या वर गेला तर प्रयोगशाळेतून खात्री करून घ्या आणि तोवर बाळासाठी ते पाणी वापरू नका.

आकृतीला गुण मिळतातच, पण आपल्या बोअरचा आकडा ज्या मुलाला माहीत आहे त्याला चक्र खरं कळलं, असं मी म्हणेन. तुमच्या शाळेत असं काही केलं असेल तर जरूर कळवा.