कानाच्या लग्नातील विधवा

गेल्या लग्नसराईत वसईकडील एका लग्नघरी आम्ही आदल्या संध्याकाळीच पोहोचलो होतो. मांडव सजला होता, बँड वाजत होता आणि उंबराचे पाणी आणण्यासाठी बायकांचा मेळा विहिरीकडे निघाला होता. काकू, माम्या, आत्या, शेजारणी, सगळ्या जणी नटून पुढे होत्या. नवरीची आई मात्र कोठे दिसेना. चौकशी केली तेव्हा ती मागील दारी चुलीपाशी फुगे तळताना आढळली. नवऱ्याच्या निधनानंतर या बाईने डोक्यावर भाजीची टोपली घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबई गाठली, बाजार केला आणि त्या पैशांवर तीन लेकरे वाढवली. आज त्यांतील थोरलीचे लग्न. आम्ही विचारले, "बाई, तुम्ही येथे कशा?" तिने कढईवरची नजर न हलवता उत्तर दिले, "मी कशाला पुढं येऊ? पोरीचं चांगलं होऊ दे."

"पोरीचं चांगलं होऊ दे" या चार शब्दांनी आम्हांला त्या रात्री झोप लागू दिली नाही. जन्मदात्या आईचा हात लागला तर मुलीचे वाईट होईल, असे त्या माउलीला कोणी शिकवले? शुभवर्तमानाने नव्हे, धर्मगुरूंच्या प्रवचनाने नव्हे आणि धर्मशिक्षणाच्या वर्गानेही नव्हे. ते शिकवले ओटीवरच्या कुजबुजीने आणि पिढ्यान् पिढ्या एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाणाऱ्या म्हणी-वाक्प्रचारांनी. घरात सून आली आणि वर्षाच्या आत कोणी दगावले, की ती 'पांढऱ्या पायाची' ठरते. तरुणपणी नवरा गेला, की 'नवऱ्याला गिळून बसली' असे म्हणायला जीभ अडखळत नाही. कामाला निघताना ती समोर आली, की माणसे दोन पावले मागे फिरतात. ही माणसे रविवारी मिस्सेला पहिल्या बाकावर असतात आणि संध्याकाळी घरी जपमाळेची प्रार्थना चुकवीत नाहीत.

आमची लोकपरंपरेशी तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. कारण या विषयाला तोंड फोडताच एक हुकमी आक्षेप येतो: "तुम्ही आमची संस्कृती पुसायला निघालात." इतिहासात असा प्रयत्न खरोखरच झाला होता. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली हुकूम काढून ख्रिस्ती लोकांच्या लग्नातील देशी वाद्ये, ओव्या, पानविडा, दारची तुळस अशा कितीतरी गोष्टींवर बंदी घातली. तो हुकूम चुकीचा होता. ओवीने कोणाचे आत्मे नासत नव्हते आणि विड्याने कोणाची श्रद्धा डळमळत नव्हती. त्याच गोव्यात सुमारे सव्वाशे वर्षे आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले होते आणि येशूचे चरित्र सांगण्यासाठी ओवीच निवडली होती. आम्ही स्टीफन्स यांच्या बाजूचे आहोत. उंबराचे पाणी राहू द्या, हळद राहू द्या, गोव्याच्या बांधवांचा रोस राहू द्या, आजीच्या तोंडची लग्नगीते तर जिवापाड जपा. आमचे भांडण विहिरीशी नाही. विहिरीवर कोणी जायचे आणि कोणी चुलीपाशी बसायचे, हे ठरवणाऱ्या भीतीशी आहे.

रूढीची पारख करण्याची आमची कसोटी साधी आहे. ज्या रीतीने आनंद वाढतो आणि कोणाला इजा होत नाही, ती आपली. जिच्यासाठी कोणाला तरी दाराबाहेर उभे राहावे लागते, ती आपली नव्हे, मग ती कितीही जुनी असो.

दुसरा आक्षेप अधिक चतुर असतो: "आम्ही कोणाला अडवत नाही. ती आपणहून मागे राहते." ती आपणहून का मागे राहते? उद्या मुलीच्या संसारात काही कमी-जास्त झाले, तर बोट कोणाकडे वळेल, हे तिला ठाऊक असते म्हणून. ज्या घरात तिने हळदीचे बोट लावले असेल, त्या घरातील प्रत्येक तापाचा, प्रत्येक गर्भपाताचा, प्रत्येक अपघाताचा हिशेब तिच्या खात्यावर लिहिला जाईल. अशा परिस्थितीत मागे राहणे हा तिचा निर्णय नव्हे, तो तिचा बचाव आहे. ज्याला आपण तिची समजूतदार वृत्ती म्हणून वाखाणतो, ती आपण घातलेली दहशत असते.

तिसरा आक्षेप अनुभवाचा. "अमक्याच्या लग्नात विधवेने हात लावला आणि वर्षभरात विपरीत घडले." असे दाखले प्रत्येक गावात असतात, कारण विपरीत गोष्टी प्रत्येक गावात घडतात. आपली स्मरणशक्ती जुळलेले तेवढे जपते आणि न जुळलेले सोडून देते. आज विधवा असलेल्या आपल्या आयाबहिणींना त्यांच्या लग्नात हळद कोणी लावली होती? सवाष्णींनीच ना? मग त्या सवाष्णींचा हात अशुभ होता, असे कोणी का म्हणत नाही? पती-पत्नींपैकी एकाला बहुधा आधी जायचेच असते. वेदीसमोर वधूवर एकमेकांना मरणापर्यंतच्या निष्ठेचे वचन देतात. धर्मसभा ऐन लग्नविधीत मरणाचे नाव घ्यायला भीत नाही. भितो तो आपला मांडव.

आणि या भीतीचा आणखी एक चमत्कार पाहा. वधूपिता विधुर असेल तर तो सूटबूट घालून मुलीचा हात धरतो आणि तिला थेट वेदीपर्यंत घेऊन जातो. त्याच्या पावलांचा रंग कोणी तपासत नाही. पत्नी गेलेला पुरुष सहानुभूतीस पात्र आणि पती गेलेली स्त्री अपशकुनी! अशुभ जर मृत्यूत असते तर ते दोघांनाही चिकटले असते. ते केवळ बाईलाच चिकटते, यावरून त्याचे मूळ स्वर्गात नसून आपल्याच अंगणात आहे, हे उघड होते.

आता शुभवर्तमान उघडू. लूक सांगतो, की बाळ येशूला येरुशलेमच्या मंदिरात अर्पण करण्यासाठी आणले तेव्हा त्याचे स्वागत दोघांनी केले. एक वृद्ध शिमोन आणि दुसरी हन्ना संदेष्ट्री. ही हन्ना कोण? लग्नानंतर अवघ्या सात वर्षांनी विधवा झालेली आणि उतारवयापर्यंत मंदिरात प्रार्थना करीत राहिलेली स्त्री. चाळीस दिवसांच्या तान्ह्या तारणाऱ्यासमोर देवाने एका विधवेला उभे केले. आपण तेथे असतो तर "बाळाला दृष्ट लागेल" म्हणून तिला खांबाआड पाठवले असते.

पुढे योहान कानाच्या लग्नाची हकिकत सांगतो. येशूची आई तेथे होती, येशू होता, शिष्य होते. योसेफाचा उल्लेख नाही. येशूच्या सार्वजनिक कार्याच्या आरंभापूर्वीच संत योसेफ निवर्तले होते, असे धर्मसभेची परंपरा मानते. म्हणजे कानाच्या लग्नात द्राक्षारस संपल्याचे ज्या स्त्रीने ओळखले, यजमानाची लाज राखण्यासाठी जिने पुत्राला गळ घातली, ती मरियामाता विधवा होती. ती मागील दारी बसली असती तर तो पहिला चमत्कार कोणाच्या शब्दावरून घडला असता? आपल्या लग्नपत्रिकांवर आपण याच कानाच्या लग्नाचे चित्र छापतो आणि त्याच लग्नाच्या मांडवातून वधूच्या आईला उठवतो.

सिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण ठार झाले, ते इतरांहून अधिक पापी होते असे मानू नका, हे येशूने स्वतः बजावले. जन्मांधाचे दुःख कोणाच्या पापाचे फळ, या प्रश्नालाही त्याने नकार दिला. आद्य ख्रिस्तसभेत पहिली कुरबुर झाली ती विधवांची रोजच्या वाटपात आबाळ होते यावरून, आणि ती मिटवण्यासाठी प्रेषितांनी सात सेवक नेमले. १९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात अंधश्रद्धेचा विचार पहिल्या आज्ञेखाली केला आहे, याचाही अर्थ ध्यानात घ्यावा. शकुन-अपशकुन मानणे हा निरुपद्रवी भाबडेपणा नव्हे. देवाच्या हाती असलेले आयुष्य आपण एका दुःखी बाईच्या सावलीच्या हाती देतो, हा त्या आज्ञेचा भंग आहे.

याच महाराष्ट्रात, स्वतः विधवा असलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत 'शारदा सदन' उघडून विधवांना शिक्षणाची वाट दाखवली. त्या ख्रिस्ती होत्या, याचा आपण अभिमान मिरवतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे तो कित्ता ठेवला. शिरोळ तालुक्यातील एका गावाने जे केले, ते आपल्या एखाद्या धर्मग्रामाने करायला कोणाची परवानगी हवी आहे?

आमची मागणी मोठी नाही. विवाहपूर्व शिबिरांत धर्मगुरूंनी या विषयावर स्पष्ट बोलावे. महिला मंडळांनी आपल्या गावापुरता ठराव करावा. 'पांढऱ्या पायाची' हा शब्द ज्याच्या घरात उच्चारला जाईल, त्या घरातील कर्त्या माणसाने तेथल्या तेथे तो थांबवावा. आणि हे सारे होईतो नवऱ्या मुलींनी वाट पाहू नये. लग्न तुमचे आहे. मेळा विहिरीकडे निघेल तेव्हा मागील दारी जा, आईच्या हातातील झारा खाली ठेवा आणि तिला सर्वांच्या पुढे चालवा. पहिली हळद तिच्याच हातची घ्या. ज्या हातांनी तुम्हांला वाढवले, त्या हातांहून शुभ या जगात दुसरे काही नाही.

कोणी कुरकुरले तर सांगा, कानाच्या लग्नातही एक विधवा होती आणि तिच्यामुळेच ते लग्न साजरे झाले.