दुरुस्ती हाताशी, तरीही संगणक असुरक्षित

१२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना ग्रासले. भारतात आंध्र प्रदेश पोलिसांच्या संगणकांनाही त्याची झळ बसली. विषाणूने ज्या त्रुटीचा लाभ घेतला, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने ५९ दिवस आधी, १४ मार्च रोजीच प्रसिद्ध केली होती.

मूळ दोष विंडोजच्या एका ड्रायव्हरमध्ये होता. फायलींच्या देवाणघेवाणीसाठीच्या ‘एसएमबी’ या पद्धतीची जुनी, पहिली आवृत्ती तो हाताळत असे. बाहेरून आलेल्या यादीचा आकार नोंदवताना ३२ बिटांपैकी केवळ खालचे १६ बिट बदलले जात. ३०० खोडून २९९ लिहायचे असताना शेवटचे दोनच अंक बदलावेत आणि नोंद ३९९ ची व्हावी, तसाच हा प्रकार. स्मृतीत जागा राखली जाई ती खऱ्या, लहान आकाराची. माहिती मात्र फुगलेल्या आकाराने ओतली जाई आणि शेजारच्या जागेवर पसरे. ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चालत असल्याने हल्लेखोराला पासवर्डविनाच संपूर्ण ताबा मिळे.

या त्रुटीवरील ‘इटर्नलब्लू’ हे अस्त्र अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने घडवल्याचे मानले जाते. एप्रिलमध्ये ‘शॅडो ब्रोकर्स’ या गटाने ते उघड केले. त्रुटी दडवून ठेवणाऱ्या सरकारांवर मायक्रोसॉफ्टचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनी जाहीर टीका केली. टीका रास्तच होती; मात्र कालबाह्य विंडोज एक्सपीसाठीची दुरुस्ती कंपनीने सर्वांना खुली केली, ती हल्ल्यानंतरच. अर्थात, सारा दोष एक्सपीवर ढकलणे चुकीचे ठरेल. बाधितांमध्ये बहुसंख्य संगणक विंडोज ७ चे होते आणि त्यांच्यासाठी दुरुस्ती मार्चपासूनच उपलब्ध होती.

दुरुस्ती बसवायची तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. रुग्णालय किंवा बंदर यांना तेवढी उसंतही सहजी मिळत नाही. शिवाय जुनी सॉफ्टवेअर त्यानंतर चालतील का, ही धास्ती असतेच.

२७ जून २०१७ रोजी, दुरुस्तीनंतर १०५ दिवसांनी, युक्रेनमधून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’नेही हीच वाट धरली, शिवाय एका संगणकातून चोरलेल्या पासवर्डने तो दुरुस्त केलेल्या संगणकांतही शिरत असे. मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणा ठप्प झाल्या. तिच्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या, मुंबईनजीकच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलवर कंटेनरची चढउतार खोळंबली. मर्स्कने आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलर असल्याचा अंदाज वर्तवला होता.