बोर्डावरचा घरजावई

घरजावई कामाचा असू शकतो, पण घरखर्चाचा हिशेब त्याचे ताट धरून मांडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आमच्या पुतण्याकडे एसटी कंपनीचा न्यूक्लिओ बोर्ड आहे. (एसटी म्हटल्यावर बीडकराला लाल डबा आठवतो, ही ती नव्हे.) "काका, डीबगर बोर्डावरच आहे, वेगळा घ्यायला नको!" वा! म्हणजे एकाच पाटावर दोघे: एक चिप राबणारी, दुसरी तिच्या मानगुटीवर बसून ती काय करते ते संगणकाला कळवणारी. ऑडिटर समोर बसलेला असताना आमची शाखाही आदर्शच असते. प्रश्न तो उठून गेल्यावरचा आहे.

पोराला माजलगावकडे उसात ओल मोजणारे यंत्र बसवायचे आहे. सेल २२० मिलिअँपिअर-तासांचा. झोपलेली चिप २ मायक्रोअँपिअर खाते असे धरले, तर कागदावर साडेबारा वर्षे. पण यूएसबीच्या तोंडाशी दोघांचे एकत्र मोजून २० मिलिअँपिअर आले, की ११ तासांत कारभार आटोपला! मग "चिपच खादाड" असा निकाल. अहो, खाल्ले जावयाने आणि बोल सुनेला? त्या बोर्डावर आयडीडी नावाचा जंपर आहे. तो काढून तिथे मीटर लावा. मुख्य चिपेचे एकटीचे जेवण कळते.

दुसरा पंथ म्हणतो, डीबगरचे दोन जंपर उपटले की फारकत झाली. कसली फारकत! सुटतात त्या प्रोग्राम भरायच्या दोन तारा. रिसेट आणि सिरियलच्या तारा सोल्डरच्या टिकल्यांनी चिकटलेल्याच राहतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लाँचपॅडवर पाहा, दोघांच्या मधोमध जंपरांची रांगच दिली आहे. वीज, रिसेट, सिरियल, हवे ते हाताने सोडवा. इथे आमच्या पोरांनी कावियाने टिकल्या उकरत बसायचे!

तिसरा पंथ करवतवाल्यांचा. बोर्ड तसा कापता येतो आणि तुटलेला डीबगर दुसऱ्या बोर्डांच्या सेवेत रुजूही होतो. पण शिकणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात काडीमोड घेऊ नये. उद्या चूक शोधायला कुणाकडे जाल?

माझी मागणी साधी आहे. यूएसबी काढा, टिकल्या सोडवा, सेल लावा आणि यंत्र आठ दिवस गच्चीवर एकटे ठेवा. त्याच्या आकड्यावर शेतकरी रात्री-अपरात्री पंप चालू करणार आहे. तिथे संगणक घेऊन कोण बसणार?

पुतण्या म्हणतो, सबमिशन सोमवारी आहे. असू दे. ऊस कुठे सोमवारी तोडायचाय?